‘डिलीट’ची लिंक आणि पडद्यामागची रिक्वेस्ट

यादीतील प्रत्येक ओळीच्या टोकाला ‘डिलीट’ असा शब्द असतो आणि तो दाबला की ती नोंद जाते. वापरणाऱ्याचा संबंध एवढ्याशीच. पान बांधणाऱ्यापुढे मात्र दोन वाटा असतात. एक तर त्या शब्दाला साधी लिंक जोडायची, नाहीतर पान जागचे न हलवता जावास्क्रिप्टमधून सर्व्हरकडे रिक्वेस्ट पाठवायची. यातली पहिली वाट धोक्याची आणि दुसरी सुरक्षित, असे नवीन प्रोग्रामर सर्रास मानतात. लिंकबद्दलचा त्यांचा संशय रास्त आहे, पण त्याचे कारण त्यांनी भलतीकडेच शोधलेले असते.

लिंक दाबली की ब्राउझर ‘गेट’ या पद्धतीने पत्ता उघडतो. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीच्या प्रमाण दस्तऐवजात, म्हणजे २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये, ‘गेट’ची गणना ‘सेफ’ पद्धतींत केलेली आहे: ती वापरणाऱ्याने केवळ वाचायला मागितले आहे, सर्व्हरवरचे काही बदलायला सांगितलेले नाही, असे सर्वांनी धरून चालायचे असते. याच भरवशावर सर्च इंजिनचे बॉट आणि पाने आधीच आणून ठेवणारी साधने समोर येईल ती लिंक बेधडक उघडतात. २००५ च्या मे महिन्यात गूगलने आणलेल्या वेब ॲक्सिलरेटरने नेमके हेच केले. वापरणारा लॉगिन करून बसलेला असताना ते पानावरच्या लिंका आगाऊ उघडत असे, आणि त्यांत ‘डिलीट’च्याही लिंका असल्याने अनेकांच्या नोंदी कोणी बोट न लावता उडाल्या. ‘नक्की काढायचे का?’ ही चौकट तिथे निरुपयोगी ठरली, कारण ती क्लिक झाल्यावर जावास्क्रिप्टने दाखवायची होती, आणि इथे क्लिक झालेच नव्हते. लॉगिनची ओळख सांगणाऱ्या कुकीला, ती परक्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टसोबत सहसा जाऊ नये म्हणून, ‘सेमसाइट’चे ‘लॅक्स’ बंधन घातले तरी दुसऱ्या साइटवरून लिंक दाबून आलेल्या ‘गेट’सोबत ती कुकी जातेच, म्हणजे परक्या पानावर लावलेली लिंकही तुमच्या नावाने नोंद काढू शकते.

आता पडद्यामागची रिक्वेस्ट. ती पाठवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या ‘फेच’ला पद्धत सांगितली नाही तर तेही ‘गेट’च वापरते, ही गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते. सर्व्हरवर तोच पत्ता ‘गेट’ला उत्तर देत राहिला, तर जावास्क्रिप्टचा पडदा लावून काहीच साधत नाही. उलट, जावास्क्रिप्टचा एक शब्दही नसलेला, ‘पोस्ट’ने, म्हणजे बदल करायला सांगणाऱ्या पद्धतीने, जाणारा आणि सीएसआरएफ टोकन (रिक्वेस्ट आपल्याच पानावरून आली हे पटवणारी गुप्त खूण) बाळगणारा छोटा फॉर्म हे काम चोख करतो. एचटीएमएल फॉर्मला नोंद काढण्यासाठीची ‘डिलीट’ ही एचटीटीपी पद्धत वापरता येत नाही, म्हणून रेल्स आणि लारावेल ही वेब फ्रेमवर्क्स ‘पोस्ट’च्या फॉर्ममध्ये एक लपलेले फील्ड ठेवून खरी पद्धत सर्व्हरला कळवतात. तेव्हा निवड करायची ती पद्धतीची. पान बदलते की नाही, हा केवळ सोयीचा भाग आहे.

त्या सोयीची किंमतही मोजावी लागते. फॉर्म पाठवला की सर्व्हरचे उत्तर डोळ्यांसमोर येते, तर पडद्यामागे काय झाले हे पानाला आपणच सांगावे लागते. सर्व्हरने ४०३ (परवानगी नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्येच बिघाड) हा आकडा दिला तरी ‘फेच’च्या लेखी काम पार पडलेले असते, ते तक्रार करते ती उत्तरच न पोहोचल्यास. त्याहून फसवा प्रकार सेशन संपल्यावर घडतो. सर्व्हर लॉगिनच्या पानाकडे वळवतो, ‘फेच’ मुकाट्याने तिकडे जाते, ‘सगळे ठीक’ सांगणारा २०० घेऊन परतते, आणि आपला कोड आनंदाने ती ओळ पुसून टाकतो. पान रिफ्रेश केले की ओळ पुन्हा हजर. माझ्या मते असा दोष सरळ दिसणाऱ्या एररपेक्षा वाईट, कारण वापरणारा तोवर निर्धास्त होऊन निघून गेलेला असतो. म्हणून उत्तराचा आकडा आणि ते वळवले गेले होते का, हे दोन्ही तपासावे.

दोन्ही वाटांची सरमिसळ झाली की आणखी एक गंमत होते: लिंकवर क्लिकचा कोड लावलेला असतो, पण लिंकची नेहमीची उडी थांबवणारे ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ लिहायचे राहून जाते, आणि मग पान बदलू लागल्यामुळे नुकतीच निघालेली रिक्वेस्ट अर्ध्यात तुटू शकते.

मी आधी बटणाचा फॉर्म बांधतो आणि तो चालू लागल्यावर त्यावर ‘फेच’ चढवतो. ‘डिलीट’ ही पद्धत दोनदा पाठवली तरी अंतिम परिणाम एकच राहावा अशी तिची व्याख्या आहे. तेव्हा दुसऱ्या टॅबमध्ये आधीच काढलेल्या नोंदीसाठी ४०४ (सापडले नाही) आला, तर लाल पट्टी न झळकवता ती ओळ गुपचूप काढून टाकावी.