अवतरणचिन्हाच्या आधी ‘की’ होता

चौथीच्या वहीत असं वाक्य हमखास सापडतं: आजी म्हणाली की तू जेवलास का मी म्हटलं हो. लाल पेन घेऊन बसलेले गुरुजी वैतागतात. पण शेकडो वर्षं मराठी अशीच लिहिली गेली, हे मुलाच्या बाजूने सांगायला हवं.

सातारच्या छत्रपतींच्या दप्तरातले कागद मोडी लिपीत आहेत. कारकून आधी ओळभर शिरोरेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचा. दोन शब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्हही नाही. मग कोणाचं बोलणं कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं, हे कळायचं कसं? शब्दांवरून. सुरुवातीला ‘की’, शेवटी ‘ऐसे’ किंवा ‘म्हणोन’. ऐकणाऱ्याला तेवढं पुरत होतं, आणि कागद बहुतेक वाचून दाखवण्यासाठीच असायचा.

आजची चिन्हं इंग्रजीतून आली, छपाईच्या काळात. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका काढली. त्याआधी दोनच वर्षं, १८४८ मध्ये, सातारचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं होतं. सरकारी शाळांची मराठी पुस्तकं कँडींच्या नजरेखालून जात, त्यामुळे चिन्हं पाठ्यपुस्तकांत रुळली. मोडी मात्र व्यवहारात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. एकाच घरात आजोबांची खतावणी बिनचिन्हांची आणि नातवाचं शुद्धलेखन चिन्हांसकट, असं बराच काळ चाललं.

खरा घोळ पुढेच आहे. चिन्हं आली, पण ‘की’ गेला नाही. इंग्रजीत बोलणं आडवळणाने सांगताना सर्वनाम आणि काळ बदलावे लागतात. मराठीत ‘आई म्हणाली की मी येते’ यातली ‘मी’ आईच असते. बोलणं जसंच्या तसं आलेलंच आहे, मग वर अवतरणचिन्ह कशाला, असं मुलाला वाटलं तर नवल नाही. छापील पुस्तकांतही ‘म्हणाला की, “…”’ अशी दुहेरी सोय दिसते. माझं मत विचाराल तर प्राथमिक वर्गात एकच घ्यावं: ‘म्हणाली’, स्वल्पविराम, मग अवतरण, प्रश्नचिन्ह आतच.

एक गोष्ट मात्र अजून अर्धवट शिकवली जाते: अवतरणात बोलणं जसंच्या तसं यावं. कोरेगाव-वाईकडची मावशी विचारते, “काय करतुयास रं?” वहीत त्याचं “काय करतो आहेस रे?” होतं, आणि त्याला पूर्ण गुण मिळतात.