परकी सैन्य आलं की जनता सुटते?

‘बाहेरच्या देशाने सैन्य घुसवलं की जुलूम संपतो’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, कधी कधी ते खरंही ठरतं. १९७१ मध्ये भारतीय सैन्य पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, उतरलं. तिथल्या जुलमामुळे त्या वर्षी भारतात आलेले सुमारे एक कोटी निर्वासित युद्ध संपल्यावर काही महिन्यांत घरी परतले. मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्यही माघारी आलं. कंबोडियात मात्र व्हिएतनामी फौजेने ७ जानेवारी १९७९ ला राजधानी घेतली, तिथल्या ख्मेर रूज राजवटीने चालवलेली भयंकर कत्तल थांबली, पण फौज १९८९ पर्यंत हलली नाही. थायलंडच्या सीमेवर सुरुंग पेरले गेले. लढाई संपल्यावरही शेतात, रानात गेलेल्यांचे पाय तुटत राहिले. तेव्हा दोनच गोष्टी तपासा: सैन्य परत कधी गेलं, आणि निर्वासित घरी येत होते की घर सोडत होते.