बेळगाव सीमाभागातील लोकवस्ती : ‘मातृभाषा’ या रकान्याची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जात, धर्म आणि बोली यांची सांगड एकसारखी नाही. निपाणीकडे कितीतरी जैन आणि लिंगायत घरांत मराठी बोलतात, तर पूर्वेकडच्या तालुक्यांत तेच समाज कन्नड. खानापूरच्या घाटाकडे कोंकणी कानावर पडते. मुसलमानांची दख्खनी कागदावर उर्दू होते. कदंब, आदिलशाही, पेशवाई असे थर एकमेकांवर बसत गेले. १८१८ नंतर इंग्रजी अंमल आला, १८३६ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला आणि छावणीबरोबर बाहेरगावचे लोक येऊन स्थिरावले.

आजचा वाद मात्र जनगणनेतल्या एका शब्दाभोवती फिरतो : मातृभाषा. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे ती म्हणजे लहानपणी आई मुलाशी बोलायची ती भाषा. आमच्या आजीचे माहेर बैलहोंगलचे. मुलांना निजवायची ती कन्नडमधून, सासूशी आणि शेजारणीशी बोलायची मराठीतून. व्याख्या काटेकोर लावली तर वडिलांची मातृभाषा कन्नड ठरते. ते मराठी शाळेत शिकले, हिशेब आणि पत्रे मराठीत लिहिली आणि प्रत्येक गणनेत मराठीच सांगितली. त्यांनी खोटे काही सांगितले नाही. आपण कोणत्या भाषेत जगतो, तेच सांगितले. अशी घरे गल्लोगल्ली आहेत, दोन्ही बाजूंची.

या एका उत्तराची पुढे सरहद्द झाली. १९५६ च्या पुनर्रचनेत जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा वगळून कोल्हापूरला जोडला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. महाराष्ट्राची मागणी होती की खेडे हा घटक धरावा, भौगोलिक सलगता आणि सापेक्ष भाषिक बहुसंख्या, म्हणजे निम्म्याहून कमी असली तरी इतरांपेक्षा जास्त लोकांची भाषा, पाहावी. १९६६ मध्ये नेमलेल्या एकसदस्य आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकला द्यावीत असे सुचवले. बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवले. शहराच्या तीन बाजूंना कन्नड मुलूख आहे, हे एक कारण दिले. खेड्यांना त्यांच्या माणसांवरून जोखायचे आणि शहराला त्याच्या शेजारावरून, हे मला आजही पटत नाही. कर्नाटकने अहवाल जसाच्या तसा मागितला, महाराष्ट्राने नाकारला, आणि अंमल काहीच झाला नाही.

२००४ मध्ये महाराष्ट्राचा ८६५ गावांवरचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. तो अजून प्रलंबित आहे. २०१४ मध्ये शहराचे नाव बेळगावी झाले. भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेल्या संरक्षणांत, तालुक्यात १५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असे आहे. तरी शेतीचा उतारा हातात पडतो तो कन्नडमध्येच. खानापूरकडचा म्हातारा शेतकरी तो घडी घालून खिशात ठेवतो आणि संध्याकाळी शिकलेल्या नातवाकडून वाचून घेतो.

जनगणनेच्या अर्जावर मातृभाषेच्या रकान्यानंतर, माणसाला येत असलेल्या आणखी दोन भाषांना जागा असते. वडील तिथे न चुकता कन्नड सांगायचे. सीमेच्या वादात तो आकडा कुणी पुढे केलेला मी ऐकला नाही.