वरणाचे पाणी आणि बाळाचा पहिला घास

‘सहा महिन्यांच्या बाळाला सुरुवातीला फक्त वरणाचे पाणी द्यावे, डाळीचा सगळा कस त्यातच उतरतो’, हा सल्ला पिढ्यानपिढ्या प्रेमाने दिला जातो. बाळाला पचेल ना, ही त्यामागची काळजी खरीच आहे. मात्र कस पाण्यात उतरतो, हे खरे नाही.

शिजलेले वरण न घोटता थोडा वेळ स्थिर ठेवून पाहावे. डाळ तळाशी बसते आणि वर जे निवळ उरते त्यात मुख्यतः पाणीच असते, कारण प्रथिने, लोह आणि पिष्ट बहुतांशी डाळीच्या गरातच राहतात. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिलिलिटरच मावते; ती जागा पाण्याने भरली, तर बाळ दूधही कमी पिते आणि नेमके ज्या वयात जन्मतः मिळालेला लोहाचा साठा संपत येतो, त्याच वयात त्याची उपासमार होते. म्हणून सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करण्याच्या पहिल्या दिवसापासून मुगाची डाळ व तांदूळ मऊ शिजवून, घोटून, थोडे तूप घालून दोन-तीन चमचे द्यावेत आणि स्तनपान चालू ठेवावे. चमचा तिरका केल्यावर घास पाण्यासारखा ओघळला नाही, तर दाटपणा योग्य आहे.