हापूसवरचा करपा : बुरशीची जनुकीय विविधता

करपा हा कोलेटोट्रायकम प्रजातीतील बुरशांमुळे आंब्याला होणारा रोग. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील बागांत तो पालवी, मोहोर आणि फळ या तिन्हींवर येतो. मोहोराच्या वेळी मळभ धरले आणि अवकाळी सर आली, की दांड्यांवर काळे डाग पडतात आणि मोहोर वाळून गळतो.

सर्वांत फसवा करपा अढीत दिसतो. कैरीवर रुजलेला बीजाणू, म्हणजे बुरशीचे सूक्ष्म बी, सालीत शिरून गप्प राहतो, कारण कच्च्या सालीतील बुरशीरोधक द्रव्ये त्याला वाढू देत नाहीत. फळ पिकू लागले की ती घटतात. मग पेंढ्यात घालताना स्वच्छ दिसलेल्या आंब्यावर काळे, खोलगट डाग उमटतात. दमट हवेत त्यांवर नारिंगी चिकट ठिपके येतात. त्या एकेका ठिपक्यात असंख्य बीजाणू असतात.

हा सारा उपद्रव पूर्वी कोलेटोट्रायकम ग्लिओस्पोरिऑइडिस या एकाच जातीच्या नावावर होता. २०१२ मध्ये अनेक जनुकांच्या तुलनेवरून त्या नावाखाली २२ जाती असल्याचे मांडले गेले. एशियानम, फ्रुक्टिकोला, सायमेन्स या त्यांपैकी आंब्यावर सापडलेल्या जाती. नुसत्या बीजाणूच्या आकारावरून त्या खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत.

झाडाची गोष्ट नेमकी उलट आहे. हापूस कलमाने वाढतो. खुंट रायवळ कोयीचा, म्हणून दर झाडाचा निराळा. वरची फांदी मात्र बागेभर जवळजवळ एकाच वाणाची. त्यामुळे बुरशीच्या एखाद्या वंशाला एक झाड मानवले, की शेजारची शेकडो झाडेही मानवतात. बुरशीत नवे वंश उत्परिवर्तनाने येतात, तंतूंच्या मीलनातून येतात आणि लैंगिक अवस्थेतूनही येतात.

फवारणीवर याचा थेट परिणाम होतो. बुरशीच्या बीटा-ट्युब्युलिन प्रथिनात १९८ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ॲलॅनिन आले, की कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लागू पडत नाही. तेच औषध पुन्हापुन्हा मारले, तर असे प्रतिकारक वंशच मागे उरतात. मोरचूद आणि चुन्याच्या एक टक्का बोर्डो मिश्रणातील तांबे पेशीत अनेक ठिकाणी घाव घालते, म्हणून ते इतक्या सहज निकामी होत नाही. पावसाळ्यानंतर वाळक्या डहाळ्या छाटून बागेबाहेर नेल्या, तर बीजाणूंचा साठाच घटतो, मग त्यांचा वंश कोणताही असो. बांधावरच्या काजूलाही कोलेटोट्रायकमचा करपा होतो, तेव्हा छाटणीत काजूची वाळकी फांदीही सोडू नये.