पार्श्वभूमी : ‘प्रिंट’ला कंस कुठून आले?

‘प्रिंट लिहिलं, मग प्रिंटर का नाही चालला?’ प्रोग्रॅमिंग शिकवताना नव्या पोरांपैकी एखादं तरी हे विचारतंच, कारण ‘प्रिंट’ ही मजकूर पडद्यावर दाखवायची आज्ञा. प्रश्न बावळट नाही. अमेरिकेतल्या हॅनोव्हर गावातल्या एका कॉलेजात १ मे १९६४ ला पहाटे ४ वाजता बेसिक भाषेतला प्रोग्रॅम पहिल्यांदा चालला, तेव्हा विद्यार्थ्यांसमोर पडदा नव्हताच. टेलिटाइपचं धूड उत्तर कागदाच्या गुंडाळीवर खडखडत छापायचं. प्रिंट म्हणजे खरोखरच छाप! कागद गेला, पडदा आला, शब्द तेवढा चिकटून राहिला. पुढे जी-डब्ल्यू बेसिक या बेसिकच्याच एका प्रकारात खऱ्या प्रिंटरसाठी ‘एल-प्रिंट’ असा निराळा शब्द होता.

आपल्याकडे नव्वदच्या दशकातल्या कॉम्प्युटर क्लासांत हेच जी-डब्ल्यू बेसिक भेटायचं. काळा पडदा, त्यावर ‘ओके’, आणि ओळींना १०, २०, ३० असे नंबर. दहा-दहाचं अंतर अशासाठी, की मागाहून सुचलेली ओळ १५ नंबर देऊन मध्ये घुसवता यावी. ‘प्रिंट’ टंकायचा कंटाळा आला तर नुसतं प्रश्नचिन्ह चालायचं. ‘लिस्ट’ म्हटलं की त्या जागी अख्खा ‘प्रिंट’ उभा. कंसबिंस काही नव्हतं.

१९९१ मध्ये पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली तीही बिनकंसाची. प्रिंट, एक जागा सोडायची आणि अवतरणात मजकूर. मग ३ डिसेंबर २००८ ला पायथन ३ आली आणि प्रिंटचं फंक्शन (नावापुढे कंसात माहिती देऊन वापरायची तयार आज्ञा) झालं, म्हणजे कंस सक्तीचे. एवढ्याशा बदलावर जे रण माजलं त्याला तोड नाही.

बदल करणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जुन्या प्रिंटला खास त्याच्यापुरते नियम होते. पुढची ओळ सुरू होऊ द्यायची नसेल तर शेवटी एक लोंबता स्वल्पविराम ठेवायचा. मजकूर फाइलमध्ये पाठवायचा तर ‘पेक्षा मोठे’ची दोन चिन्हं लावायची. भाषेत दुसरीकडे कुठे असं चालत नसे. उलट बाजू म्हणायची, की ज्याला फंक्शन म्हणजे काय हे ठाऊक नाही त्याच्याकडून पहिल्याच ओळीत कंस का लिहून घेता? शिकवणारा म्हणून माझा कल तेव्हा याच बाजूला होता. शिवाय वर्षानुवर्षं दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी नांदल्या. पुस्तक जुनं आणि मशिनवर पायथन नवी, की पहिल्याच ओळीला सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमांची चूक. उलट प्रकार जास्त फसवा : जुन्या पायथनमध्ये कंसात स्वल्पविराम देऊन दोन शब्द छापले तर एरर येत नसे, पण पडद्यावर कंस आणि अवतरणं यांच्यासकट सगळं उमटायचं. कंस विसरलात का, असं स्पष्ट सांगणारा संदेश नंतर आला. जुन्या आवृत्तीचा आधार २०१५ ला काढायचा ठरला होता, तो १ जानेवारी २०२० पर्यंत लांबला.

या कंसाच्या भांडणात आपल्या कामाचा बदल झाकला गेला. जुन्या पायथनच्या फाइलमध्ये ‘नमस्कार’ लिहायचा तर डोक्यावर एन्कोडिंग (अक्षरं कशी साठवली आहेत ते) सांगणारी मंत्रासारखी ओळ लागायची, नाहीतर प्रोग्रॅम सुरूच होत नसे. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर यायचं १५, कारण मोजले जायचे बाइट, म्हणजे अक्षरं साठवायचे छोटे तुकडे. पायथन ३ मध्ये मजकूर मुळातच युनिकोड (वेगवेगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत) झाला आणि उत्तर आलं ५. मुलं तीन अक्षरं मोजतात आणि गोंधळतात. मग फळ्यावर काना आणि वेलांटी सुट्या काढून दाखवाव्या लागतात. त्या काना-वेलांटीवर अर्धा तास गेला तरी मला चालतो.

व्हेरिएबलचं, म्हणजे माहिती ठेवायच्या डब्याचं, नावही आता ‘वय’ किंवा ‘किंमत’ ठेवता येतं. ‘इनपुट’ने वय विचारलं, पोराने मराठी कीबोर्डवरून १२ टंकलं आणि ते मजकुराची संख्या करणाऱ्या ‘इंट’मधून काढलं, तर पायथन ते निमूट बारा धरते. तोच १२ देवनागरीत थेट प्रोग्रॅमच्या ओळीत लिहिला, की मात्र सिंटॅक्स एरर.