स्टेटस इफेक्ट : अद्भुतरम्य भूमिकाखेळांतील बाधा

अद्भुतरम्य भूमिकाखेळांत, म्हणजे आरपीजी प्रकारच्या व्हिडिओ गेममध्ये, पात्राला जडणारी आणि काही काळ टिकून राहणारी अवस्था म्हणजे स्टेटस इफेक्ट. बळ वाढवणाऱ्या अवस्थेला खेळाडू बफ म्हणतात, अपायकारक अवस्थेला डीबफ. ही नोंद फक्त दुसऱ्या प्रकाराची आहे : विष, झोप, लकवा, अंधत्व, वाचा बसणे, भूल, शाप, दगड होणे. या सगळ्यांसाठी येथे ‘बाधा’ हा शब्द वापरला आहे. विषबाधा आणि भूतबाधा हे दोन्ही शब्द मराठीत आधीपासून आहेत, त्यामुळे खेळातल्या विषालाही आणि चेटकालाही तो एकटा पुरतो.

तलवारीचा घाव बसला की प्राणांचा आकडा उतरतो आणि तो प्रसंग तिथेच संपतो. बाधा मागे रेंगाळते, आणि पुष्कळदा ती प्राणांना हातच लावत नाही. ती पात्राचा एखादा हक्क काढून घेते. वाचा बसलेला जादूगार मंत्र म्हणू शकत नाही, भूल पडलेला योद्धा आपल्याच सोबत्यावर शस्त्र उगारतो, झोप लागलेल्याची पाळी येते आणि तशीच निघून जाते.

ही कल्पना मराठी मुलांना व्हिडिओ गेमच्या आधीच भेटलेली असते. ठाण्यातल्या चाळींच्या अंगणांत आणि नेरूळ-वाशीच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये विषामृत खेळतात. ज्याच्यावर राज्य असते तो धावत येऊन हात लावतो आणि ‘विष’ म्हणतो. ज्याला हात लागला त्याने आहे तिथे पुतळ्यासारखे उभे राहायचे. सुट्या गड्याने येऊन ‘अमृत’ म्हणत शिवले की तो पुन्हा पळायला मोकळा. सगळेच विषात सापडले की डाव संपला. बाधेची सारी यंत्रणा या खेळात आहे : ती कशी लागते, लागल्यावर काय बंद होते, किती वेळ टिकते आणि उतारा कोणाच्या हाती आहे. खरी रंगत उभ्या राहिलेल्या मुलापेक्षा सुट्या मुलाच्या मनात असते, कारण सोडवायला जावे तर आपणही सापडू आणि न जावे तर गडी कमी पडेल. उत्तम भूमिकाखेळातली बाधाही हाच पेच निर्माण करते. जिथे तो निर्माण होत नाही तिथे बाधा म्हणजे नुसता खोळंबा.

यंत्रणेचा उगम टेबलावरच्या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात विष, लकवा, दगड होणे यांपासून वाचण्यासाठी २० बाजूंचा फासा टाकावा लागे. आकडा पुरेसा पडला तर पात्र सुटले, नाही पडला तर विषाने बहुधा मरणच. १९८१ साली ॲपल टू संगणकासाठी आलेल्या ‘विझर्डरी’ या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांच्या खेळाने ही यादी पडद्यावर आणली. त्यात लकवा उतरवणारा मंत्र टोळीत कोणाजवळ नसेल तर लकवा झालेल्याला भुयारातून गावातल्या देवळात न्यावे लागे आणि पैसे मोजून बरे करावे लागे. मेलेल्याला जिवंत करण्याचा विधी फसला तर त्याची राख होई, आणि राखेवरचा विधीही फसला तर ते पात्र कायमचे गेले. जपानमध्ये १९८७ च्या ‘फायनल फँटसी’ने विषावर एक औषध, दगड झालेल्यावर दुसरे, अशी दुकानात मिळणारी उताऱ्यांची मांडणी पक्की केली. आजही बहुतेक खेळांत ती ओळखीची वाटते.

बाधेमागचे गणित समजून घ्यायला पोकेमॉनसारखे दुसरे उदाहरण नाही. पोकेमॉन नावाचे प्राणी पाळून त्यांची झुंज लावण्याची ही खेळमालिका १९९६ साली जपानमध्ये सुरू झाली. तिच्यात विष, भाजणे, लकवा, झोप आणि गोठणे या पाच मुख्य बाधा आहेत आणि एका प्राण्याला एका वेळी त्यांतली एकच होऊ शकते. सध्याच्या नियमांनुसार साधे विष दर पाळीला एकूण प्राणांचा आठवा भाग खाते. घोर विषाचा हिशेब निराळा : पहिल्या पाळीला सोळावा भाग, दुसरीला त्याच्या दुप्पट, तिसरीला तिप्पट. समजा, प्राण १६० आहेत. साध्या विषाने दर पाळीला २० जातात, म्हणजे तीन पाळ्यांत ६०. घोर विषाने १०, २० आणि ३० जातात, म्हणजे तीन पाळ्यांत तेही ६०. येथपर्यंत दोन्ही बरोबरीत आहेत. पाचव्या पाळीअखेर साध्या विषाने १०० गेलेले असतात, घोर विषाने १५०. सहावी पाळी जगू देत नाही. म्हणून लढाई लवकर निकालात निघणार असेल तर साधे विष पुरते, लांबणार असेल तर घोर. पण बाधित प्राण्याला माघारी बोलावले की घोर विषाची मोजणी पहिल्यापासून सुरू होते, आणि समोरचा खेळाडू जाणता असेल तर तो हेच करतो.

लकव्याने चारपैकी सरासरी एक पाळी वाया जाते आणि वेग निम्म्यावर येतो. २०१६ पूर्वीच्या खेळांत तो पावपट उरत असे. भाजलेल्याच्या शारीरिक हल्ल्यांची ताकद निम्मी होते. आगीच्या जातीचे पोकेमॉन भाजत नाहीत, विषाच्या जातीच्यांना विष चढत नाही, आणि २०१३ पासून विजेच्या जातीच्यांना लकवा होत नाही. सुरुवातीच्या खेळांत विष लढाईबाहेरही चालू राही, दर चार पावलांना एक प्राण जाई. औषध संपलेले आणि गाव लांब, अशा वेळी पावले मोजत चाललेला खेळाडू तो रस्ता विसरत नाही. २०१० पासून ही तरतूद काढून टाकली. खेळ सोपा झाला हे खरे, पण रानावनाचा धाक त्या विषातच होता असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे.

बाधा फाशावर लागावी की साचत जावी, हा रचनेतला मोठा निर्णय असतो. २०११ च्या ‘डार्क सोल्स’मध्ये विष एकदम लागत नाही. दलदलीत उतरले की पडद्यावर एक पट्टी भरू लागते, ती पूर्ण भरली की विष लागले. आधी कोरड्या जागेवर पोहोचलात तर पट्टी हळूहळू रिकामी होते. येथे नशिबाला वाव नाही, किती वेळ चिखलात राहायचे हे खेळाडूच ठरवतो. भरती ओसरल्यावर ऐरोली-वाशीच्या खाडीकाठच्या गाळात पाय घातलेल्याला मंदगतीची बाधाही वेगळी सांगावी लागत नाही : धोका दिसत असतो, पण पाऊल उचलायला वेळ लागतो. याच खेळातल्या शापाची पट्टी भरली तर पात्र जागीच मरते, आणि पुन्हा उठते तेव्हा उतारा मिळेपर्यंत त्याचे प्राण निम्मेच राहतात.

बाधांच्या बाबतीत सर्वांत मोठी फसवणूक बॉसच्या, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या बलाढ्य शत्रूच्या, लढाईत होते. शंभर किरकोळ शत्रूंवर विष आणि झोप टाकायला शिकवायचे, आणि ज्याच्यावर ती खरोखर हवी त्या बॉसला सगळ्याच बाधांपासून मुक्त ठेवायचे, ही अनेक खेळांची जुनी खोड आहे. त्यामागचे कारण खरे आहे : दर पाळीला झोपवता येणारा बॉस लढतच नाही. पण उपाय आळशी आहे. खेळाडूने कमावलेली विद्या ऐन वेळी कामी येऊ नये, हा कर्णाला मिळालेला शाप. तो खेळाडूला देण्याचे कारण नाही. याहून चांगले उपाय उपलब्ध आहेत. इंटरनेटवर असंख्य जण एकत्र खेळतात त्या २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये एका खेळाडूवर एकाच जातीची खिळवणारी बाधा लागोपाठ टाकली तर ती पहिल्यांदा पूर्ण वेळ टिकते, दुसऱ्यांदा निम्मा, तिसऱ्यांदा पाव आणि चौथ्यांदा लागतच नाही. बाधेला किंमत राहते आणि समोरचाही कायमचा खिळून पडत नाही.

त्याच खेळात बाधांच्या चार जाती केल्या आहेत : जादू, शाप, विष आणि रोग. कुठली जात कोणी उतरवायची हेही वाटून दिलेले आहे, त्यामुळे एकाच माणसाला सगळ्यांना बरे करता येत नाही आणि टोळी जमवताना उताऱ्यांचा विचार करावा लागतो. विषामृतातला सुटा गडी येथे पूर्ण वेळचा वैद्य झालेला दिसतो.

या खेळातली एक बाधा तर खेळाबाहेर गाजली. १३ सप्टेंबर २००५ रोजी झुलगुरुब नावाचे नवे ठिकाण खेळात आले. तिथला हक्कार हा बॉस ‘करप्टेड ब्लड’ नावाची, जवळच्याला लागत जाणारी बाधा टाकत असे. ती त्या जागेपुरतीच राहावी अशी योजना होती. पण बाधित पाळीव प्राण्याला तिथून नाहीसा करून शहरात पुन्हा बोलावले की बाधा त्याच्या अंगावर शाबूत असे. शहरातल्या दुकानदार पात्रांना ती लागे. ती मरत नसत, पण इतरांना ती देत राहात. नवखे खेळाडू बघता बघता मरू लागले. काहींनी शहर सोडले, बरे करण्याची विद्या असलेले काही मदतीला धावले, काहींनी मुद्दाम प्रसार केला. अखेर कंपनीला सर्व्हर पुन्हा सुरू करून आणि नियम बदलून ती साथ आटोक्यात आणावी लागली. साथरोगांच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली. एरिक लोफग्रेन आणि नीना फेफरमन यांचा त्यावरील लेख २००७ साली ‘द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात आला. २०२० नंतर हा प्रसंग वाचणाऱ्याला लक्षणे नसलेला वाहक म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

एक बाधा दुसरीला वाट करून देते, असेही नियम असतात. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये नुसते भिजणे किरकोळ वाटते, पण भिजलेल्याला वीज आणि थंडी दुप्पट लागते, आग मात्र कमी. याच खेळात विषाने मरण ओढवत नाही. विषबाधित पात्राने हल्ला करताना २० बाजूंचे दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा. हा खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच नियमांवर बेतलेला आहे, म्हणजे १९७४ चे जीवघेणे विष आणि हे विष एकाच घराण्यातले आहे.

बाधा उलटवून वापरणे हा जाणत्या खेळाडूचा खास आनंद. ‘फायनल फँटसी ६’ (१९९४) मध्ये एक भुताची आगगाडीच शत्रू म्हणून समोर येते. भुतांसारख्या, मेल्यावरही वावरणाऱ्या शत्रूंना बरे करणारी वस्तू मारक ठरते, हा नियम ज्याला आठवतो तो मेलेल्याला उठवणारे फिनिक्सचे पीस तिच्यावर वापरतो आणि लढाई एका झटक्यात संपवतो. १९८७ च्या ‘नेटहॅक’मध्ये तरंगत्या डोळ्याचे मांस खाल्लेले पात्र आंधळे झाले की त्याला दूरदूरच्या प्राण्यांची मने दिसू लागतात, म्हणून खेळाडू आपण होऊन डोळ्यांवर पट्टी बांधतात.

मराठीत या बाधांसाठी शब्दांचा तुटवडा नाही. कथाकीर्तनांतून अहल्येची शिळा आणि तिचा उःशाप सर्वांना माहीत आहे, मेघनादाचा नागपाश माहीत आहे, विराटाच्या गाई सोडवताना अर्जुनाने कौरवसेनेवर टाकलेले संमोहनास्त्र माहीत आहे. ‘उतारा’ हा शब्द तर विषावरही चालतो आणि करणीवरही. क्रियापदे त्याहून नेमकी आहेत : विष चढते, भिनते आणि उतरते, झोप लागते, भूल पडते, भोवळ येते, दातखीळ बसते, हातपाय गळतात. बहुतेक वेळा बाधित माणूस ‘मला’, ‘त्याला’ असा येतो, कर्ता म्हणून नाही. बाधेत माणसाच्या हातून कर्तेपण जाते, हे भाषेने आधीच ओळखले आहे. ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलवर एकत्र खेळणारी मुले ‘मला स्टन बसलाय, तू पुढे हो’, ‘पॉयझन लागलंय, क्लिअर कर ना’ असे बोलतात. नाम इंग्रजीतून आलेले आहे, पण ‘मला’ आणि ‘लागलंय’ जागच्या जागी आहेत. कोणी असा खेळ मराठीत आणणार असेल तर त्याने ‘तुम्ही विषबाधित आहात’ असे फलक लिहू नयेत. पडद्यावर ‘विष चढलं’ आणि औषध घेतल्यावर ‘उतरलं’, एवढे दोन शब्द पुरेत.